दाजींच्या आभाराच्या पट्ट्या

जर्मनीला जाऊन आलेली माणसं किल्ल्यांचे फोटो दाखवतात, नदीतल्या बोटीचं वर्णन करतात, भिंतीवरचं घड्याळ आणतात. मी तिथं जाऊन आठवडाभर लोकांच्या दारावरच्या घंटा वाजवल्या. बार्शीत परत आल्यावर जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी म्हणते, "निवडणूक." मग समोरच्याचा चेहरा पडतो. निवडणूक हे आपल्याकडे बारमाही पीक आहे, ते बघायला विमानात कशाला बसायचं?

पण मला त्यातलं थोडं कळतं. मी पाच वर्षं बार्शी नगरपालिकेत नगरसेविका होते. २००१ साली पुन्हा उभी राहिले आणि सतरा मतांनी पडले. एकदम हजाराने पडलं की माणूस दोन दिवस रडतो आणि कामाला लागतो. सतरा मतं मात्र झोपू देत नाहीत. ही सतरा माणसं कोण, याचा हिशेब मी पाच वर्षं करत होते.

माझी मावसबहीण निर्मलाताई तीस वर्षांपूर्वी रसायनशास्त्रात संशोधन करायला हायडेलबर्गला गेली आणि तिथल्याच एका शाळामास्तरांशी, रॉल्फशी, लग्न करून राहिली. आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, म्हणून तेही दाजी. हाक मारली की "हो" म्हणतात. हे दाजी दहा वर्षं तिथल्या राज्याच्या विधानसभेत निवडून येत होते. आपल्या भाषेत आमदार. २००६ च्या मार्चमध्ये त्यांची तिसरी निवडणूक होती. ताईचा फोन आला, "सुमे, ये. घरात निवडणूक कळणारं एक तरी माणूस पाहिजे. मला कोणाशी तरी मराठीत काळजी करायचीय."

बुधवार, गॅरेज

ताईचं गाव वाल्डॉर्फपासून बसने वीस मिनिटांवर. वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची मोठी कंपनी आहे, त्यामुळे बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर पुण्याची दोन मुलं होती. आनमेल्डुंगशिवाय, म्हणजे राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदीशिवाय, बँकेत खातं उघडत नाही, यावर त्यांचा तावातावाने वाद चालला होता. मी मागून म्हणाले, "जरा हळू, बाळांनो." दोघंही आपली आत्या बसमध्ये निघावी तसे दचकले.

आमदाराचं घर म्हणून मी दारात दोन जिपा, मांडव, चहाची पिंपं आणि पांढऱ्या कपड्यांतली रिकामी माणसं धरून चालले होते. दारात एक सायकल होती. ती आमदारांची. आत जेवणाच्या टेबलाशी सत्तरीच्या फ्राउ केसलर, म्हणजे केसलरबाई, पत्रकांच्या घड्या घालत होत्या. मास्तर असल्यापासून दाजींच्या ओळखीच्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि माझ्यापुढे पत्रकांचा गठ्ठा ठेवला. बस, झाले मी कार्यकर्ती.

संध्याकाळी ताई मला गॅरेज दाखवायला घेऊन गेली. एक शिडी, पुठ्ठ्यावर छापलेले दाजींचे चेहरे आणि कोपऱ्यात पिवळ्या कागदाच्या लांबट पट्ट्यांचा गठ्ठा. प्रत्येक पट्टीवर एकच शब्द.

"डांके," ताई म्हणाली. "म्हणजे धन्यवाद. सोमवारी पोस्टरवर आडव्या चिकटवायच्या."

"जिंकायची एवढी खात्री?"

"नाइन, नाइन, तसं नाही गं. जिंकलो तरी लावायच्या, हरलो तरी लावायच्या. आल्झो, म्हणजे बघ, कोणीतरी मत दिलेलं असतंच ना?"

मी हसले. पडलेला उमेदवार शिडी चढून आभार मानतो, हे ऐकायला छान. पडल्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं. मी तीन महिने अंधार पडल्याशिवाय घराबाहेर पडले नाही. भिंतीवरची माझी पत्रकं पावसाने धुतली, मी नाही.

जेवायला बटाट्याचं तिखटजाळ नसलेलं सूप आणि त्याबरोबर वाफवलेला गुबगुबीत पाव, वर व्हॅनिलाचा गोड रस्सा. सूप आणि गोड एकाच वेळी! ताई म्हणाली, "नाक मुरडू नकोस. आपण कटाच्या आमटीबरोबर पुरणपोळी खातोच की." मी दुसरा पाव घेतला.

जेवताना सगळं प्रकरण कळलं. गावाच्या मधल्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात, खिडक्या थरथरतात. बाहेरून रस्ता काढायची मागणी वीस वर्षांची. तो आता होणार होता, पण चार शेतकऱ्यांच्या अस्परागसच्या जमिनीतून. पांढऱ्या कोंबांची ही भाजी म्हणजे त्या भागाची शान, आपल्याकडच्या हापूसइतके तिचे लाड. रस्त्याची आखणी निवडणुकीनंतर जाहीर व्हायची होती. दाजींनी ती फेब्रुवारीतच गावच्या सभेत सांगून टाकली.

मला राहवलं नाही. "दाजी, चार आठवडे थांबायचं होतं की!"

ताईने त्यांना ते जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले ते ताईने मला मराठीत सांगितलं, "ती लागवड याच महिन्यात होते. एकदा लावली की दहा वर्षं उभी राहते. मी गप्प बसलो असतो, तर त्यांनी लावली असती."

मी पुढ्यातला पाव संपवला. आमच्या पक्षाच्या तालुकाध्यक्षांकडे मात्र यावर नक्की उत्तर असतं.

नंतर भांडी पुसताना ताई हळूच म्हणाली, "अख्खं शेतकरी मंडळ उलटलंय, सुमे. हा पडला तर पडू दे, मला आमदारीचं काही नाही. पण एकसष्टचा आहे. सकाळी उठून हा माणूस कशासाठी दार उघडणार? तू कशी घरात बसली होतीस ते मावशीनं मला फोनवर सांगितलंय."

गुरुवार, एका शेतकऱ्याची कॉफी

तिथला प्रचार म्हणजे घंटा दाबायची आणि दोन पावलं मागे सरायचं. मागे सरणं महत्त्वाचं, दारातल्या माणसाला अडवल्यासारखं वाटू नये म्हणून. नाव सांगायचं, पत्रक द्यायचं, निघायचं. घरात कोणी नसेल तर दाजी पत्रकावर पेनाने दोन ओळी लिहून पेटीत टाकत. ताशा नाही, औक्षण नाही, कोणाच्या पाया पडणं नाही. दाजी, ताई आणि मी अशा आम्हा तिघांना एका गल्लीला वीस मिनिटं लागली. आमच्याकडे तेवढ्या वेळात फटाक्यांची माळही संपत नाही.

आणखी एक फरक. माझ्या वॉर्डात प्रत्येक जण म्हणाला होता, "ताई, मत तुम्हालाच!" इथे लोक म्हणत, "विचार करतो." एक बाई तर म्हणाली, "नाही, धन्यवाद," जणू आम्ही झाडू विकायला आलो होतो.

गावाच्या टोकाला बाउमान नावाच्या शेतकऱ्याचं घर. मागे शेतात मातीचे लांबच लांब वरंबे, त्यांवर काळं प्लास्टिक ताणलेलं. रस्ता बरोबर तिथूनच जाणार. बाउमान रबरी बूट घालून दारात आले. दाजींनी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "मी तुम्हाला मत देणार नाही. आत या, कॉफी तयार आहे."

दाजी आत गेले. आणि बसले! रोपांची ऑर्डर रद्द केली ती कशी, उरलेल्या जमिनीत काय लावायचं, मुलगा शेतीत राहणार का, अशा गोष्टी तासाच्या वर चालल्या. मी घड्याळ बघत होते. ताईच्या कानात म्हणाले, "नाही म्हणालाय ना हा? एवढ्यात दहा घरं झाली असती."

दाजींना वाटतं त्यापेक्षा जास्त मराठी कळतं. मान न वळवता म्हणाले, "सुमन, बसा."

मी बसले, पण मन बसेना. मला शेवंताकाकू आठवल्या.

माझ्या घरामागच्या गल्लीत राहणाऱ्या शेवंताकाकू. २००१ च्या प्रचाराचा शेवटचा दिवस, माझ्यामागे पन्नास बायका, गळ्यात हार. काकू उंबऱ्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "सुमे, ह्या टायमाला तुला मत न्हाई बघ. नळ आनते म्हनून दोन वरसं झाली. च्या ठेवलाय, पिऊन जा." सगळ्यांसमोर! मी म्हणाले, "मला वेळ नाही," आणि पायऱ्या उतरले. निकाल लागला आणि माझा हिशेब जुळला. म्हातारीने गल्ली फिरवली, सतरा मतं तिथेच गेली. त्या दिवसापासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. बाजारात जायला लांबचा रस्ता धरत होते.

निघताना बाउमाननी दाजींच्या हातात व्हिनेगरमधल्या अस्परागसची बरणी दिली. मत नाही, पण बरणी घ्या. मला त्या माणसाचा उगाचच राग आला.

शनिवार, बाजारचौकातले पेढे

आता माझा पराक्रम सांगते.

शनिवारी सकाळी चौकात भाजीबाजार भरतो. तिथे सगळ्या पक्षांच्या छत्र्या शेजारी-शेजारी लागतात आणि विरोधक एकमेकांच्या थर्मासमधली कॉफी पितात. दाजी थकलेले दिसत होते. मी ठरवलं, वातावरण जरा आपल्यासारखं करायचं. पहाटे उठून दुधाच्या पावडरीचे पेढे वळले, वर वेलची. घरून निघताना दाजींना ओवाळलं, ते त्यांना सवयीचं होतं. चौकात गेल्यावर डबा उघडला, पहिला पेढा फ्राउ केसलरच्या तोंडापाशी नेला आणि दोन दिवस घोकलेलं जर्मन वाक्य मोठ्याने म्हणाले. निवडून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

छत्रीखाली एकदम शांतता. शेजारच्या विरोधकांच्या छत्रीखालीसुद्धा. फ्राउ केसलरने पेढा माझ्या हातातून घेतला, कागदी रुमालावर ठेवला आणि रुमालाची चारी टोकं त्यावर दुमडली, अगदी मेलेल्या चिमणीला झाकावं तशी. कॉफी ओतणाऱ्या एका कार्यकर्त्याने लाकडी टेबलावर तीन वेळा बोटाने टकटक केलं.

ताईने मला बाजूला ओढलं. "अगं, इथे आधी अभिनंदन करत नाहीत! वाढदिवसाचंसुद्धा आदल्या दिवशी करत नाहीत. अपशकुन मानतात, तो टळावा म्हणून लाकूड वाजवतात."

"अपशकुन? हे? हे शास्त्रज्ञ लोक?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. हे शास्त्रज्ञ लोक."

आमच्याकडे अर्ज भरला की पेढे, छाननीत टिकला की पेढे. निकालापर्यंत अर्ध्या गावाला साखर होते. आणि यांना आधी आभार छापलेले चालतात, आधी अभिनंदन चालत नाही. मी डब्याचं झाकण लावलं. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर तो डबा मी पदराखाली घेऊन उभी होते.

रविवार, एक तास गेला

मतदानाच्या पहाटेच तिथली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे जातात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी साडी नेसून खाली आले तेव्हा ताई-दाजी मतदान करून परत आले होते. सवयीने मी दाजींचं बोट पाहिलं. शाई नाही. तिथे लावतच नाहीत.

सहाला मतदान संपलं. उजेड असतानाच आम्ही नगरपालिकेच्या सभागृहात गेलो. पडद्यावर एकेका केंद्राचे आकडे येत होते. आरडाओरडा नाही, गुलाल नाही. लोक आकडे बघत प्रेट्झेल, म्हणजे पीळ घातलेले खारे पाव, मोडत होते. दाजींच्या स्वतःच्या गावाचा आकडा आला तेव्हा ताईने माझं मनगट धरलं. गावानेच हात काढून घेतला होता. तासाभरात उरलेलंही स्पष्ट झालं. त्यांच्या पद्धतीत हरलेल्याला मागल्या दाराने एखादी जागा मिळू शकते म्हणे. तीही मिळाली नाही. दाजी पडले.

ते सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला चालत गेले आणि जिंकलेल्या तरुण वकीलबाईंचा हात हातात घेतला. काय बोलले ते कळलं नाही, पण त्या बाईंचे डोळे भरून आले. फ्राउ केसलरनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पेढ्याकडेच पाहिलं.

घरी येताना मी ताईला म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"वेडी आहेस. पेढ्यांनी माणूस पडत असता तर बार्शीत कोणी निवडूनच आलं नसतं," ताई म्हणाली आणि मग रस्त्यातच थांबून रडली. मीही रडले. दाजी पुढे जाऊन दोघींसाठी दार उघडं धरून उभे होते.

सोमवार, शिडी

पहाटे जाग आली तीच कान टवकारून. पडल्यानंतरची पहिली सकाळ मला पाठ आहे. उठावंसं वाटत नाही, दूधवाल्यालाही तोंड दाखवावंसं वाटत नाही. आता दाजींच्या खोलीचं दार कधी उघडणार, याची मी वाट बघत पडले होते.

खाली गॅरेजचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

मी शाल घेऊन धावले. दाजी शिडी बाहेर काढत होते. काखेत पट्ट्यांचा गठ्ठा. फ्राउ केसलर डोक्याला रुमाल बांधून खळीची बादली घेऊन हजर होत्या, ताईच्या हातात ब्रश. मला बघून दाजींनी शिडीचं एक टोक पुढे केलं. "सुमन. धरा."

मला वाटलं, मधल्या रस्त्यापासून सुरुवात करतील. ते निघाले थेट गावाच्या टोकाला. बाउमानच्या घरासमोरच्या खांबावर दाजींचं एक पोस्टर होतं. ते वर चढले, स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यावर, बरोबर हनुवटीखाली, त्यांनी खळ लावली आणि पट्टी सरळ बसवली. मी खालून शिडी धरून वर बघत होते. पट्टी जराही वाकडी नव्हती.

बाउमान रबरी बुटांत बाहेर आले. त्यांनी शिडीचा दुसरा पाय धरला. दाजी खाली उतरले, त्यांचा हात हातात घेतला आणि तोच छापलेला शब्द तोंडाने म्हणाले.

बाउमान आत गेल्यावर मी ताईला म्हटलं, "यांचे कसले आभार? यांनी तर मत दिलं नाही."

ताईने विचारलं. दाजींनी पुढची पट्टी सोडवता सोडवता उत्तर दिलं, "त्यांनी मला तोंडावर सांगितलं. बाकीच्यांचं मला काल संध्याकाळी कळलं."

मी तिथेच उभी राहिले. शिडी पुढच्या खांबाकडे न्यायची होती, फ्राउ केसलर बोलावत होत्या. मला बार्शीतला एक उंबरा दिसत होता.

दुपारपर्यंत सगळे खांब झाले. चौकातल्या बाकावर टेकल्यावर दाजींनी मला विचारलं, "पेढे?"

"आता कशाचे, दाजी?"

"आता चालतात," ताई म्हणाली.

मी घरून डबा आणला. पेढे थोडे कडक झाले होते. फ्राउ केसलरनी दोन खाल्ले, बोटं पुसली आणि ताईकडून कृती लिहून घेतली. दाजी एका जुन्या विद्यार्थ्याशी बोलत उभे होते. पुढच्या आठवड्यात शाळेत जाऊन मुलांना मोफत शिकवायचं, असं काहीतरी ठरत होतं. ताई त्यांच्याकडे बघत पेढा चघळत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेलेली मी पाहिली.

बार्शी

एप्रिलच्या उन्हात घरी आले. बॅगा तशाच ठेवल्या, चेहरा धुतला आणि मागच्या गल्लीत गेले. पाच वर्षांनी. कोपऱ्यावरचा दुकानदार ओरडला, "आत्तापासूनच प्रचार व्हय, ताई?" नगरपालिकेची निवडणूक पुढच्या हिवाळ्यात होती, त्याचं काही चुकलं नव्हतं.

शेवंताकाकू उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पाहिलं.

"मत मागाया आलीस?"

"नाही, काकू. मी उभी राहत नाही. मागच्या खेपेचे आभार मानायचे राहिले होते."

"मी कुटं दिलं हुतं तुला मत?"

"माहीत आहे. पण तुम्ही तोंडावर सांगितलं होतंत."

काकूंनी लसणाची सुपली बाजूला सारली. हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "मी न्हाई दिलं ते तुजं नि माजं भांडान. गल्लीतल्या सगळ्या पोरींनी तुलाच दिलं. मीच सांगितलं त्यास्नी, सुमी कामाची हाय, एक नळ ऱ्हायला तर ऱ्हायला. निकाल लागल्यावर पोरी वाट बघत हुत्या तुजी. तू आलीच न्हाईस."

पाच वर्षं मी ज्या सतरा मतांचा हिशेब या गल्लीवर मांडत होते, ती गल्ली माझी होती. तिच्याकडेच मी पाठ फिरवली होती.

"बस. च्या ठेवते," काकू म्हणाल्या.

या वेळी मी बसले. चहा गोड होता, आल्याचा, बशीत ओतून दिलेला. संपेपर्यंत घड्याळाकडे पाहिलं नाही. मग उठले आणि गल्लीतल्या पहिल्या दाराची कडी वाजवून दोन पावलं मागे सरले.